ट्रॅक्टरच्या जाहिरातीत नसलेला आकडा

ट्रॅक्टर किती एचपीचा, या प्रश्नापुढे आपल्याकडे चौकशी सहसा जात नाही. शोरूममध्ये एचपी सांगतात, बँकेच्या कर्जप्रस्तावात एचपी लिहितात आणि गावात ‘पंचेचाळीसचा’, ‘चोविसाचा’ हीच ट्रॅक्टरची ओळख होऊन बसते. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातही अनुदानाचे गट एचपीवरच पडतात. पॉवर टिलर आठ एचपीच्या खालचा की वरचा, ट्रॅक्टर आठ ते वीस पीटीओ एचपीचा (पीटीओ म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा दांडा) की वीस ते चाळीसचा, एवढे ठरले की अर्ज पुढे सरकतो. एचपीचा आकडा खोटा नाही आणि निरुपयोगी तर नाहीच. पण डोंगराच्या पायथ्याचे ओवे गाव आणि तिथून तळोज्याच्या खाडीपर्यंतचा सखल पट्टा, अशा पनवेल तालुक्यातल्या भातजमिनीत यंत्र चिखल काढील की चिखलातच बसेल, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ते कळते लोड वाढल्यावर इंजिनाचा टॉर्क किती चढतो यावरून. हा आकडा मोजलेला असतो, अहवालात छापलेलाही असतो, फक्त गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. अनुदानाच्या यादीत, यंत्राच्या नावाशेजारी, मराठीत तो असलाच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हिशेब बघू. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला मिळणारा पीळ, फिरवण्याचा जोर. एचपी म्हणजे तो जोर किती वेगाने वापरला जातो याचे माप. न्यूटन-मीटरमधला टॉर्क घ्यायचा, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचा आणि ७०२४ ने भागायचा, की मेट्रिक एचपी निघतो. याचा अर्थ असा की तोच एचपी दोन अगदी वेगळ्या मार्गांनी मिळवता येतो. विहिरींवर आणि भातगिरण्यांत एकेकाळी चालणारी, राजकोटच्या कारखान्यांत बनलेली लिस्टर नमुन्याची संथ ऑइल इंजिने मिनिटाला ६५० फेऱ्यांवर सहा एचपी देत. त्यांचा टॉर्क पडतो सुमारे ६५ न्यूटन-मीटर. आज तण काढायच्या छोट्या यंत्रावर बसणारे पेट्रोल इंजिन ३६०० फेऱ्यांवर तेच सहा एचपी देते, तेव्हा त्याचा टॉर्क असतो जेमतेम १२. कागदावर दोन्ही सहाचीच. त्या जुन्या इंजिनाचे वजन तीनशे किलोच्या वर आणि त्याला दोन्ही बाजूंनी जड फ्लायव्हील; हँडल मारून एकदा चालू झाले की हॉपरमध्ये भाताचा मोठा घास गेला तरी त्याचा ठेका फारसा बदलत नसे. पेट्रोलच्या हलक्या इंजिनाला पहिलेच कडक ढेकूळ लागले की आवाज बसतो.

इथे कोणताही इंजिनीअर मध्येच थांबवील, आणि त्याचे थांबवणे रास्त आहे. तो म्हणेल, इंजिनाचा टॉर्क चाकाला थेट मिळत नाही, मध्ये गिअरबॉक्स आहे. निम्म्या टॉर्कचे इंजिन दुप्पट फेऱ्यांनी फिरवा, गिअरमध्ये वेग दुपटीने कमी करा, चाकाला तेवढाच जोर मिळेल. ठरावीक वेगाने नांगर ओढायचा असेल तर चाकावरचा जोर शेवटी एचपीवरच ठरतो. हे शंभर टक्के खरे आहे. म्हणूनच अलीकडे ट्रॅक्टरच्या जाहिरातींत ‘दोनशे न्यूटन-मीटरचा दमदार टॉर्क’ असली वाक्ये मोठ्या अक्षरांत दिसतात, त्यांवरही फार भाळू नये. एचपीच्या जागी टॉर्कचा कमाल आकडा आणून ठेवला तर एका अर्धवट माहितीच्या जागी दुसरी अर्धवट माहिती येते, इतकेच. मात्र या इंजिनीअरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे लोड स्थिर आहे. प्रयोगशाळेच्या बाकावर तो स्थिर असतो. खाचरात तो दर दहा पावलांवर बदलतो.

चिखलणीचेच उदाहरण घ्या. केज व्हील लावलेला, मागे रोटाव्हेटर जोडलेला चोवीस एचपीचा ट्रॅक्टर पाणी भरलेल्या खाचरात उतरला आहे, २००० फेऱ्यांवर पूर्ण लोड घेऊन चालतो आहे. त्या क्षणी इंजिनाचा टॉर्क आहे ८४ न्यूटन-मीटर. बांधाच्या कोपऱ्यात माती खोल आणि चिकट लागते, पाती रुतल्यासारखी होतात आणि लोड अचानक वीस टक्क्यांनी वाढतो. आता इंजिनाला १०१ न्यूटन-मीटर द्यायचे आहेत. गव्हर्नरने डिझेल आधीच पूर्ण सोडलेले आहे, त्यामुळे फेरे उतरू लागतात. इथून पुढे दोन चोवीस एचपीच्या ट्रॅक्टरांचे रस्ते फुटतात. पहिल्याचा टॉर्क फेरे उतरताना दहाच टक्के चढतो, म्हणजे ९३ पर्यंत. त्याला १०१ गाठता येत नाहीत. धुराड्यातून काळा लोट येतो, आवाज घोगरा होत जातो आणि इंजिन बसते. दुसऱ्याचा टॉर्क पंचवीस टक्के चढतो, १०५ पर्यंत. तो १४०० फेऱ्यांच्या आसपास येऊन स्वतःला सावरतो, तेवढे चार हात कण्हत काढतो आणि पुढे माती हलकी लागली की पुन्हा २००० वर जातो. गंमत अशी की त्या अवघड चार हातांत हा दुसरा ट्रॅक्टर फक्त वीस एचपीच देत होता. ज्या क्षणी त्याची खरी कसोटी लागली, त्या क्षणी तो कागदावरच्या एचपीपेक्षा चार एचपी कमी होता, आणि तरीही पार झाला.

फेरे उतरताना टॉर्क जितक्या टक्क्यांनी चढतो, त्याला टॉर्क बॅकअप म्हणतात. मघाशी ज्याला गिऱ्हाइकापर्यंत न पोचणारा आकडा म्हटले तो हाच. स्ट्रोक किती लांब आहे, कमी फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये हवा किती नीट भरते, पंप दर स्ट्रोकला डिझेल किती वाढवून देतो, अशा गोष्टींवर तो ठरतो. म्हणजे इंजिन आखतानाच कारखान्याने घेतलेला तो निर्णय असतो. नंतर मेकॅनिककडून पंपाचा स्क्रू पिळून घेऊन तो मिळत नाही, मिळतो तो धूर. ‘गिअर खाली टाक की’ हा सल्लाही चिखलात लागू पडत नाही. डांबरी रस्त्यावर क्लच दाबला तरी गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहते. चिखलात क्लच दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी थांबतो आणि थांबला की चाके रुततात. शिवाय रोटाव्हेटर पीटीओवर चालतो आणि तिथे चाकांसारखे आठ-दहा गिअर नसतात. इंजिनाच्या १८०० फेऱ्यांवर पीटीओ ५४० फिरत असेल, तर इंजिन १४०० वर आल्यावर तो ४२० वरच येणार. गिअरबॉक्सचा आक्षेप इथे संपतो. त्या फेऱ्यांवर इंजिनाकडे जो पीळ असेल, तेवढाच पात्यांना मिळणार.

हे कुठल्याही जमिनीत कमी-अधिक खरे असले, तरी पनवेलच्या खारपट्ट्यात त्याचे मोल वाढते. या जमिनी खाडीला बांध घालून मिळवलेल्या, चिकण मातीच्या. पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन गेल्याशिवाय लावणी करता येत नाही आणि राबातले आवण तर वाट बघत नाही. तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की ते काढून लावावेच लागते. या दोन्हींच्या चिमट्यात चिखलणीसाठी मोजके दिवस उरतात. एकाच आठवड्यात सगळ्या गावाला यंत्र हवे असते. त्या आठवड्यात ट्रॅक्टर रुतून अर्धा दिवस गेला, दुसरा ट्रॅक्टर आणून साखळीने ओढून काढावा लागला, की मागच्या चार शेतकऱ्यांची लावणी लांबते. ही जमीन वेगळी आहे, हे सरकारला माहीत नाही असेही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे आणि खारटपणा सोसणारे ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे भाताचे वाण तिथूनच आले. बियाण्याच्या बाबतीत आपण कबूल केले की घाटावरचे वाण इथे चालणार नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र विदर्भातल्या काळ्या रानाला जो तक्ता, तोच ओव्याच्या खाचराला. याच विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोलीत आहे. अनुदानाच्या यादीतली छोटी यंत्रे दर पावसाळ्यात खारजमिनीच्या चिखलात चालवून बघणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे वाटत नाही.

एचपीच्या आकड्यावर विसंबण्याचे दुखणे जुने आहे आणि त्यावरचा एक इलाज शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्यानेच काढला होता. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्डशी त्याचा काही संबंध नव्हता. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने नाव तेवढे वापरले होते. ट्रॅक्टर सांगितलेले काम करीना. क्रोझियर पुढे राज्याच्या विधिमंडळात गेला आणि १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदा केला की चाचणी झाल्याशिवाय त्या राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. पुढच्याच वर्षी लिंकन शहरातल्या विद्यापीठात चाचण्या सुरू झाल्या. त्या काळच्या अमेरिकी ट्रॅक्टरांच्या नावातच दोन आकडे असत, ‘१५-३०’, ‘१०-२०’ असे. पहिला आकडा नांगर ओढण्याचा, दुसरा पट्ट्यावर यंत्र चालवण्याचा. पंधरा आणि तीस! एकाच ट्रॅक्टरची ओढण्याची ताकद पट्ट्यावरच्या ताकदीच्या निम्मी असू शकते, हे गिऱ्हाइकाला ट्रॅक्टरच्या नावावरूनच कळत होते. आपल्याकडे आज इंजिन एचपी, पीटीओ एचपी आणि प्रत्यक्ष ओढण्याचा एचपी यांतला फरक विकत घेणाऱ्याला क्वचितच समजावला जातो. इंजिनाकडून पीटीओकडे जाताना दहा-पंधरा टक्के सहज जातात आणि ओल्या, भुसभुशीत जमिनीत चाक घसरून ओढीला निम्म्याच्या आसपासच उरतात.

चाचणीची व्यवस्था आपल्याकडेही आहे, आणि ती चांगली आहे. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टर भारतीय मानक ५९९४ प्रमाणे तपासले जातात. हिसार, अनंतपूरजवळचे गार्लादिन्ने आणि आसामातले विश्वनाथ चारियाली इथेही अशा संस्था आहेत. अहवालात पीटीओची ताकद, कमाल टॉर्क, तो किती फेऱ्यांवर मिळतो, बॅकअप किती, दर किलोवॅट-तासाला डिझेल किती, सगळे असते. अनुदानाच्या यादीत येण्यासाठी यंत्राची चाचणी झालेली असणे ही अटच आहे. म्हणजे लोकांच्या पैशाने मोजमाप झालेले आहे आणि त्या मोजमापाच्या आधारे लोकांचाच पैसा अनुदान म्हणून दिला जातो. ज्याने निवड करायची त्याच्या हाती मात्र रंगीत पत्रक पडते, आणि अहवाल इंग्रजी तक्त्यांत राहतो. राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरणाऱ्याला यंत्राच्या नावापुढे चार रकाने मराठीत दिसले, पीटीओ एचपी, कमाल टॉर्क व त्याचे फेरे, टॉर्क बॅकअप, आणि वजन, तर त्यासाठी नवी चाचणी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

एचपीचा आकडा किती लवचीक असतो, हे उत्सर्जनाच्या नियमांनीही दाखवून दिले आहे. २०२३ च्या जानेवारीपासून पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम ४’ चे कडक निकष लागू झाले. ते पाळायला महागडी इंधनप्रणाली लागते, साहजिकच पन्नासच्या काठावर पण आत राहण्यात कारखान्यांचा फायदा आहे. एकच इंजिन पंपाची सेटिंग आणि कमाल फेरे बदलून दोन-तीन वेगवेगळ्या एचपींना विकता येते. यात बेकायदेशीर काही नाही. पण जो आकडा नियमाच्या रेषेकडे बघूनही ठरू शकतो, त्याच आकड्यावर शेतकऱ्याने सात-आठ लाखांचा निर्णय घ्यावा, ही अपेक्षा विचित्र आहे.

‘एवढा किस कशाला पाडायचा, थोडा जास्त एचपीचा घ्या म्हणजे झाले,’ असा व्यवहारी सल्ला मिळतो. मोठ्या रानात तो चालेलही. खाचरात मात्र जास्त एचपी म्हणजे जास्त वजन. पॉवर टिलर चार-साडेचारशे किलोचा, चोवीस एचपीचा ट्रॅक्टर टनाच्या आसपास, पंचेचाळीसचा दोन टनांच्या घरात. मऊ चिकण मातीत दोन टन उतरवले की एचपी उरतो, पण तो स्वतःला वर काढण्यातच खर्च होतो. शिवाय खाचरांचे बांध, अरुंद वाटा आणि कर्जाचा हप्ता हे तिन्ही मोठ्या यंत्राच्या विरुद्ध जातात. दुसरीकडून कोणी म्हणेल की मग वजन आणि चाकेच महत्त्वाची, टॉर्कचे काय घेऊन बसलात? केज व्हील नसेल, चाक घसरत असेल, तर जगातला सगळा टॉर्क चिखल उडवण्यातच जाणार, हे मान्यच आहे. म्हणून तर त्या चार रकान्यांत वजनही हवे. पण पकड मिळाल्यानंतर पुढचा प्रश्न इंजिनाचाच असतो, आणि यंत्र जितके लहान, तितकी त्याच्याकडे शिल्लक कमी. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर सहसा पूर्ण लोडवर चालतच नाही, त्याला वाढीव लोड गिळायला जागा असते. तेरा एचपीचा टिलर दिवसभर काठावरच चालतो. बॅकअपचा आकडा ज्याला सगळ्यात जास्त हवा, त्यालाच तो सगळ्यात कमी कळतो.

‘शेतकऱ्याला हे सगळे अनुभवाने कळते’ हा आक्षेप मला कौतुकाच्या आडून केलेली टाळाटाळ वाटतो. जुन्या ड्रायव्हरला नुसत्या आवाजावरून इंजिन किती दबले ते समजते, यात शंका नाही. पण ते समजते ट्रॅक्टर दारात आल्यावर, दोन हंगाम वापरल्यावर. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर रिकामा ट्रॅक्टर सगळ्यांचाच छान वाजतो. आणि ज्यांच्याकडे स्वतःचे यंत्र नाही त्यांचे काय? २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती. एवढ्या जमिनीवर ट्रॅक्टर परवडत नाही, तो तासाच्या भाड्याने येतो. तासावर भाडे असले की कमकुवत इंजिनाचा भुर्दंड मालकाला नाही, भाडेकऱ्याला बसतो. इंजिन दोनदा बसले, गिअर खाली टाकून सगळे खाचर रांगत काढले, तरी मीटर तासाचाच चालू राहतो.

आता ओव्यापुरता एक प्रश्न उरतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. तिथे नांगरायला राहिलेच किती? १९७० मध्ये सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, खारघरचे सेक्टर ओव्याला येऊन भिडले आणि २०१६ मध्ये गाव पनवेल महानगरपालिकेत गेले. अशा गावांत ट्रॅक्टर आता बहुधा पाण्याचा टँकर किंवा विटा-रेतीची ट्रॉली ओढतो. पण भरलेला टँकर चढावर उभ्या जागेवरून उचलायचा, हेही एचपीचे काम नाही, खालच्या फेऱ्यांवरच्या टॉर्कचेच आहे. आणि तालुक्याच्या पूर्वेकडे, नेरे-गाढेश्वरच्या बाजूला भात अजून लागतो. तिथेही आराखडे आणि रस्ते येत आहेत. इमारतींच्या मधे अडकलेल्या, सुट्या पडलेल्या खाचरांत मोठा ट्रॅक्टर न्यायला वाटच उरत नाही. उरलेली शेती लहान यंत्रांवरच होणार आहे, म्हणजे ज्या यंत्रांना बॅकअपची गरज सर्वाधिक, त्यांच्यावर.

विजेचे ट्रॅक्टर येत आहेत, मग डिझेल इंजिनाच्या वक्ररेषेची चिंता आता कशाला, असेही विचारले जाईल. २०२० च्या अखेरीस सोनालिकाने ११ किलोवॅटचा, म्हणजे साधारण पंधरा एचपीचा विजेचा ट्रॅक्टर बाजारात आणला. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच कमाल टॉर्क देते, त्यामुळे चिखलातून निघताना पंधरा एचपीच्या डिझेलपेक्षा ती सरस ठरू शकते. मात्र तोच जोर ती किती मिनिटे देऊ शकते, हे मोटर आणि बॅटरी तापण्यावर अवलंबून असते. म्हणजे इथेही दोन आकडे आले, क्षणभराचा आणि सलग तासभराचा, आणि जाहिरातीत यांपैकी कोणता मोठ्या अक्षरांत छापला जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. विजेच्या यंत्रांच्या अनुदानाची यादी अजून लांबलचक झालेली नाही. तीत सलग तासभराच्या टॉर्कचा रकाना आत्ताच घालता येईल. डिझेलच्या यादीत टॉर्क बॅकअपचा रकाना घालायचा राहिला, म्हणून बुदनीचे अहवाल कपाटात पडून आहेत.